भवानीचा हात

आमचं बिऱ्हाड पेणला होतं, ते पेणवर जीव जडला होता म्हणून नव्हे. नवऱ्याची नोकरी पनवेलकडे, माझी रोह्याच्या कंपनीत, आणि दोघांच्या ओढाताणीत जे गाव मध्ये सापडलं ते पेण. सकाळी तो एका दिशेला जायचा, मी दुसऱ्या, आणि मध्ये अडीच वर्षांची मुलगी उरायची. नकाशावर बोट ठेवून आम्ही हे गाव ठरवलं तेव्हा दोघंही स्वतःवर भलतेच खूश होतो. मुलगी नकाशावर नव्हती.

मी एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. अख्ख्या कंपनीत बायका दोनच, मी आणि टायपिस्ट. कंपनीची गाडी पेणच्या नाक्यावरून माणसं उचलून नागोठण्यावरून रोह्याला जायची. ड्रायव्हर भला माणूस होता, पण त्याचा हॉर्न भला नव्हता. तो वाजला की बाजारात असेन तिथून मी पळत सुटायची. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या खांद्याला डब्याची पिशवी, कडेवर मुलगी, आणि तोंडाने "आले, आले". हे मी कुणाला सांगत असे देव जाणे, कारण नाक्यावर ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. अजूनही कुठे लांब ट्रकचा हॉर्न वाजला की माझी पावलं आपोआप भराभर पडतात.

घर ते नाका या वाटेवर आधी बाजार लागायचा आणि मग काकूंची चाळ. काकू म्हणजे मुलीला दिवसभर सांभाळणाऱ्या विधवा बाई. प्रेमळ, पण गुडघ्यांनी बेजार. मुलीला त्यांच्याकडे सोडायचं, तिने गळ्याला मिठी मारली की ती सोडवायची, आणि मागे न बघता निघायचं. मागे बघितलं की गाडी चुकायची. हे मी एकदा करून पाहिलं होतं.

आता खरेदीचं. नोकरी न करणाऱ्या बायका बाजारात जातात आणि मी बाजारातून जायचे, एवढाच फरक. भेंडीचं शेपूट मोडून बघणं, शेंग वाकवून बघणं, चार ठिकाणी भाव विचारून पहिल्या ठिकाणी परत येणं, ही सगळी वेळ असणाऱ्यांची चैन. मी समोर येईल ते पिशवीत टाकायचे. घरी गेल्यावर कळायचं की भोपळा कडू आहे किंवा वांग्यात आमच्याआधी कुणीतरी राहायला आलंय. नवरा म्हणायचा, "जरा बघून घेत जा." मी म्हणायची, "तू बघून घेत जा." मग तो विषय तिथेच संपायचा आणि भोपळा तसाच शिजायचा.

जाताना घेतलेली भाजी काकूंकडे ठेवायचीही सोय नव्हती, कारण त्यांच्या खोलीत उंदीर. त्यामुळे ती माझ्याबरोबर रोह्याला जायची, दिवसभर लॅबच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांखाली बसायची आणि संध्याकाळी परत पेणला यायची. माझ्या घरातल्या पालेभाजीने जेवढा प्रवास केला तेवढा तेव्हा मीही केला नव्हता. मुलीची बिस्किटं, ग्राइप वॉटर, एखादं झबलं रोह्याच्या बाजारातून यायचं. परतताना गाडी रोहा स्टेशनपाशी काही माणसं उतरवायला थांबायची, तेवढ्यात उडी मारून धावायचं. दुकानदार मला लांबून बघूनच बिस्किटाचा पुडा काढून ठेवायचा. गाडीतली पुरुष मंडळी खिडकीतून माझी शर्यत बघायची, आणि मी वेळेत परत चढले की एखादा म्हणायचा, "आज जमलं बुवा मॅडमना." त्यांच्या घरची बिस्किटं कोण आणायचं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पेणच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाच्या ओट्याखाली एक मावशी बसायची. खारेपाटातली. म्हणजे खाडीकडच्या, मिठागरांच्या बाजूच्या गावातली. काळीसावळी, रुंद हाडाची, नाकात मोठी नथनी, आणि नऊवारीचा काष्टा असा घट्ट की बसल्याबसल्या ती कुठल्याही क्षणी उठून कुणाशीही दोन हात करू शकेल असं वाटावं. तिच्यासमोर एक पाटी भाजीची, माठ, मुळा, वालाच्या शेंगा, शेवग्याच्या शेंगा. बाजूला एक छोटी टोपली सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची. माझी तिची ओळख नव्हती. मी तिच्यासमोरून पळणारी एक बाई होते, एवढंच.

एका सकाळी तिने मला हाक मारून थांबवलं. "ए बाय! भवानी कर गो. अजून कोन फिरकला नाय."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तिला नाही म्हणू नये, हे मलाही माहीत होतं. हॉर्न अजून वाजायचा होता. मी माठाची जुडी उचलली आणि पर्समधून नाणं काढलं. दोन्ही हात भरलेले, म्हणून ते मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मावशीला दे." मुलीने ते मावशीच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवलं नाही. वाकून थेट पाटीत, माठाच्या जुड्यांच्या मधोमध टाकलं आणि टाळ्या वाजवल्या. मावशी हसली. तिने नाणं उचलून डोळ्यांना लावलं, पाटीला लावलं आणि कमरेच्या चंचीत टाकलं. मी पळाले.

दुसऱ्या दिवशी ती उभीच होती. "काल दुपारीच पाटी रिकामी झाली गो! सुकट पन संपली. पोरीचा हात चांगला हाय." तिच्यासमोर एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. त्याला तिने माझ्या देखत सांगितलं, "थांबा, भवानी व्हायची हाय." मग माझ्या मुलीने पुन्हा नाणं पाटीत टाकलं, पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्या माणसाला त्याच्या शेंगा मिळाल्या.

मी विज्ञान शिकलेली बाई. लॅबमध्ये एक नमुना एकदा तपासून कुणी निकाल लिहिला तर मी त्याला परत तीनदा तपासायला लावायचे. पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला आतून जे वाटत होतं तो गर्व होता, दुसरं काही नाही. माझ्या लेकीचा हात चांगला आहे! मी शेजारच्या माणसाला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "वा," आणि झोपला.

मग ते रोजचंच झालं. मावशी मुलीशिवाय भवानी करेना. मुलगी तिला भाजीआजी म्हणू लागली. आम्ही वळणावर दिसलो की मावशी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायची, "आली गो माझी भवानी!" ही कीर्ती बाजारात लपून राहणार थोडीच! शेजारची लिंबूवाली म्हणाली, आमचीपन कर. तिच्या पलीकडे कोळीण, तिच्या पलीकडे केळीवाला. प्रत्येकाकडून काहीतरी घ्यायचं, कारण भवानी फुकट होत नाही. त्या दिवसांत आमच्या घरात इतकी लिंबं साठली की नवऱ्याने विचारलं, "आपण काही दुकान टाकतोय का?" ताजी मासळी दिवसभर लॅबमध्ये ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून कोळणीला हात जोडले. ती अजूनही माझ्यावर रुसलेली असेल.

सुकट मात्र एकदा मी घेऊन गेलेच. मावशीकडे भाजी अजून टेम्पोतून उतरायची होती, टोपलीत सुकटच काय ती होती, आणि हॉर्न तर वाजला होता. कागदात, मग पिशवीत, मग त्या पिशवीवर आणखी एक पिशवी. तरी दुपारपर्यंत लॅबमध्ये ती आपलं नाव सांगू लागली. साहेब आले, नाक मुरडलं, एकेका बाटलीचं झाकण बघत फिरले आणि मला विचारलं, "हा कुठल्या प्लांटचा नमुना आहे?" मी म्हटलं, "बघते सर." आमचा मदतनीस, खुद्द खाडीकाठच्या नागोठण्याचा, वास ओळखून मान खाली घालून हसत होता.

पण या सगळ्यात मिळायचंही खूप. संध्याकाळी गाडीतून उतरून मी येईपर्यंत बाजार उठलेला असे. उरायचा तो पाला. आता मावशी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची, ओल्या फडक्याखाली. कोवळी तोंडली, निवडलेली मेथी. थंडीत वालाला मोड आणून, सोलून ठेवलेलं बिरडं. ज्यांनी कधी वाल सोलले नाहीत त्यांना याचं मोल कळणार नाही. मोड आलेल्या वालाचा एकेक दाणा सालातून बाहेर काढायचा, हे काम ज्या घरात दुपार असते त्या घरातलं. माझ्या घरात दुपार नव्हतीच. सकाळ होती आणि संध्याकाळ होती. मावशीने पहिल्यांदा ते सोललेलं बिरडं माझ्या पिशवीत घातलं तेव्हा मी बाजारात उभी राहून तिच्याकडे नुसती बघत राहिले.

त्याच थंडीत काकूंनी सांगितलं की त्यांचा मुलगा त्यांना ठाण्याला नेतोय. महिनाअखेर. गुडघे आता जिना चढू देत नाहीत म्हणाल्या. त्या रडल्या आणि मी त्यांना धीर दिला. जिना उतरताना मी महिन्याचे उरलेले दिवस बोटांवर मोजले.

तेव्हा पेणला पाळणाघर नावाची गोष्ट नव्हती. निदान मला सापडली नाही. मी शेजारणींना विचारलं, दूधवाल्याला विचारलं, बालवाडीच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "तीन पूर्ण झाल्याशिवाय नाही, आणि तेही अकरापर्यंतच." एकीने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने नाही म्हटलं. एका बाईने मला सरळ विचारलं, "मग नोकरी कशाला करता?" माझ्या जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं, कारण त्या आठवड्यात मला कुणालाच दुखवायची चैन परवडत नव्हती. सांडलेल्या पाऱ्यासारखी मी घरभर, गावभर, लॅबभर फिरत होते. टायट्रेशन करताना थेंब मोजता मोजता मन उडायचं आणि फिकट गुलाबी व्हायचं ते पाणी गडद होऊन बसायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी नवऱ्याने सासूबाईंना फोन लावला. सासूबाई घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. मोठं घर, गाय, अंगण, माझ्या दोन जावा. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? घेऊन जाते पोरीला. शाळेत जायच्या वेळेला आणून सोडीन." त्यांच्या आवाजात उपकार नव्हता, खरा आनंद होता. कुणी दुष्टपणाने लेकरू मागितलं तर भांडता तरी येतं. फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "मी देणार नाही." तो म्हणाला, "मग काय करू सांग." त्याला नोकरी सोड असं म्हणायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि त्याच्या तर नाहीच नाही. मी सोडेन का, हे मात्र त्याने दोनदा विचारलं.

मग मला मावशी सुचली. आधी का सुचली नाही? पोटच्या पोरीला बाजारात गोणपाटावर बसवायचं, हे माझ्या मनाने आपणहून पुढे येऊ दिलं नसणार. पण गरज पडली तेव्हा ते मन लगेच बाजूला सरकलं. मावशी दिवसभर तिथेच. शिंप्याचा ओटा सावलीचा, मागे नळ. ती बाई मुलीवर जीव टाकते. शिवाय, मला वाटलं, माझ्याकडे हुकमाचं पान आहे. तिला माझ्या मुलीचा हात हवा आहे ना? मग दिवसभर घे.

तसंच बोलले मी तिच्याशी, एका संध्याकाळी. महिन्याचं काय ते देईन म्हटलं, आणि वर म्हटलं, "मावशी, भवानीचा हातच तुमच्या घरी येतोय म्हणा ना!"

तिचा चेहरा पडला. तिने पाटीतला पाला उगाच इकडचा तिकडे केला. "नको गो बाय."

"का?"

"नको म्हनते ना. माझ्याच्यानं नाय व्हायचा."

मी पुढे विचारलं नाही. संतापाने माझे कान तापले होते. नाणं घ्यायला पोर चालते, सांभाळायला नाही! घरी येऊन मी नवऱ्याजवळ तिचा उद्धार केला आणि तिने दिलेली तोंडली चिरताना बोट कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी आडवाटेने जायला निघाले. पण मुलीने वळणावरच "भाजीआजी" म्हणून गळा काढला, आणि वळावंच लागलं. मावशीने नाणं घेतलं, डोळ्यांना लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

महिना संपत आला आणि सासूबाई आल्या. येताना मुलीसाठी लोकरीची टोपी, खारका, आणि कपडे न्यायला रिकामी पिशवी. ती रिकामी पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली. घरात वावरताना ती सारखी डोळ्यांसमोर यायची.

दुसऱ्या सकाळी त्या आमच्याबरोबर बाजारात आल्या. वळणावर मावशीची नेहमीची आरोळी आली, "आली गो माझी भवानी!" आणि सासूबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांच्याकडे पहिल्या विक्रीला बोहनी म्हणत, आणि भवानी म्हणत ते तोंडाळ बाईला. कमरेवर हात ठेवून त्या पुढे झाल्या. "कुणाला भवानी म्हणताय? माझी नात आहे ती!"

मावशी चक्रावली. लिंबूवाली मधे पडली नसती तर त्या सकाळी शिंप्याच्या ओट्याखाली कोकण आणि घाट यांची लढाई झाली असती. लिंबूवालीने सगळं समजावलं. मुलीचा हात, पाटी, दुपारीच संपणारा माल. सासूबाई ऐकता ऐकता विरघळल्या आणि आपल्या नातीचा हात उलटासुलटा करून बघू लागल्या. लिंबूवालीला तेवढ्यावर थांबवेना. "पोरीच्या हातावर तर हिच्या लेकीचा लगीन उभा र्‍हायलाय. वैशाखात हाय. म्हनून तर हिनं सांभालायला नाय घेतली."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगो, घरच्याचा हात भवानीला चालत नाय. पोर हिच्याकडं र्‍हायली, हिच्या हातचा जेवली, निजली, म्हन्जे घरचीच झाली. मग कसली भवानी?"

मावशी शेंगांवर पाणी शिंपडत राहिली.

गाडीत मला बसायला जागा मिळाली होती, पण मला बसवेना. माझं हुकमाचं पान! जे मी तिला देऊ करत होते तेच मी तिच्याकडून काढून घेत होते, आणि वर टेचात. राग निवळला. पण त्या रागाचा मला थोडा आधार होता, तोही गेला. लेकीच्या लग्नापुढे मी काय मागणार होते? माझी लेक तिची कुणी नव्हती. मागायला आता दारच उरलं नव्हतं, आणि गाडी नागोठण्याचा पूल ओलांडून नेहमीसारखी पुढे जात होती.

जायचा दिवस आला. दुपारची एसटी होती. मला रजा मिळाली नाही, तपासणीचे साहेब मुंबईहून यायचे होते. त्यामुळे निरोप सकाळीच, बाजारात. सासूबाई परत घरी जाऊन पिशवी घेऊन निघणार. ती पिशवी भरली होती मीच, रात्री. त्यात फ्रॉक घालायचे आणि परत काढायचे, असं बराच वेळ चाललं होतं. लोकरीची टोपी मुलीने डोक्यावरच ठेवली होती. तिला भारी आनंद झाला होता. तिला गाय बघायची होती.

मावशीने आरोळी दिली नाही. सासूबाईंना बघून असेल. मी मुलीला खाली उतरवलं, तिच्या हातात नाणं दिलं.

"भाजीआजी, मी घाटावर जाणार," मुलगी म्हणाली. "आमची गाय आहे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "कवा येनार?"

"शाळेच्या वेळेला," मी म्हटलं.

"म्हन्जे यंदा नाय?"

मी मान हलवली. मुलगी नाणं धरून पाटीवर वाकली होती. मावशीने हात पुढे केला आणि तिची मूठ वरच्या वर धरली. पाटीत नाणं पडू दिलं नाही. तशीच धरून बसली. नाक्यावर हॉर्न वाजला. त्या दिवशी पहिल्यांदा मी "आले" म्हटलं नाही.

"हात तर जातोयच गो," मावशी म्हणाली. मला नाही, स्वतःलाच समजावत असल्यासारखी. "मग पोर तरी र्‍हाऊ दे."

मला अर्थ लागायच्या आधी सासूबाईंना लागला. "इथे? या उन्हात?"

"ऊन कुठं हाय? ओटा हाय. माझी चार पोरा या ओट्याखाली वाढली. तुमी बसा आज हितं, बघा, नाय पटला तर उद्या घेऊन जावा." मग तिने मुलीच्या मुठीतून नाणं काढलं, माझ्या तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली. "ही आता घरची. हिची भवानी नाय चालायची. तू कर."

"मी?"

"तू गिऱ्हाईक ना गो."

हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. व्यवहार सांगावा तसं. मुलगी एव्हाना पाटीच्या पलीकडे, तिच्या बाजूला जाऊन बसलीसुद्धा होती, टोपीसकट, गोणपाटावर पाय पसरून. गाय ती विसरली होती. पाटीच्या अलीकडे मी आणि सासूबाई, पलीकडे त्या दोघी. मला रडू फुटलं. लेक माझ्याजवळ राहिली म्हणून ते रडू होतं हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. मी नाणं दिलं. मावशीने ते डोळ्यांना लावलं. मी एक मुळ्याची जुडी उचलली आणि धावले. ड्रायव्हरने दार उघडून ठेवलं होतं आणि मी चढताच गाडी सोडली.

त्या दिवशी लॅबमध्ये मी काय केलं ते मला आठवत नाही. तपासणीचे साहेब येऊन गेले एवढं खरं. दुपार झाली की वाटायचं, आता ऊन ओट्याखाली शिरलं असेल. सांडशी हातात घेतली की वाटायचं, रस्त्यावरून टेम्पो जातात, ती पळाली तर. परतताना रोहा स्टेशनपाशी गाडी थांबली तेव्हा मी बिस्किटांसाठीही उतरले नाही. दुकानदार हातात पुडा धरून बघत राहिला.

पेणला उतरून पळत बाजारात आले. सासूबाई गोणपाटावर ऐसपैस बसून वाल सोलत होत्या आणि लिंबूवालीला गाईचं कौतुक सांगत होत्या. पिशवीचं नावही त्यांनी काढलं नाही. मुलगी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती, आणि मी उचलायला वाकले तशी झोपेतच तिने मला ढकललं. मग मी पाटीकडे पाहिलं. पाटी अर्धीअधिक भरलेली होती. माठ मान टाकून पडला होता, शेंगा तशाच. सुकटीच्या टोपलीला तर कुणी हातही लावला नव्हता.

मावशीने माझी नजर पाहिली. "तुझा हात काय बरा नाय गो," ती म्हणाली, आणि उरलेला माल गोणपाटात बांधू लागली.

रात्रभर मला तेच दिसत होतं. सकाळी मी मुद्दाम उशिरा निघाले. तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातची भवानी होऊन जावी म्हणून. हॉर्न वाजून गेला होता. वळणावर आलो तर पाटी मांडलेली, आणि समोर एक जाडजूड गृहस्थ, हातात नोट, दुसऱ्या हातात दोन मोठ्या पिशव्या. घरात कार्य असावं. असं गिऱ्हाईक भवानीला मिळावं म्हणून लोक देवाला फुलं वाहतात.

"द्या हो बाई लवकर," तो म्हणत होता.

"थांबा जरा भाऊ," मावशी त्याला म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत तिने हात पुढे केला. "भवानी व्हायची हाय."